मशीन रिकामं दिसतं, तरी काम का अडतं? व्हर्च्युअल मशीनच्या सीपीयूची 'पाळी' समजून घेऊ

दुबलगुंडी : "सर्वर डाउन हाय, उद्या या." हे वाक्य आपल्या सीमाभागात कुणालाच नवीन नाही. दुबलगुंडी-हुमनाबादकडं पहाणी काढायला जा, उदगीर-उमरग्याकडं सातबारा मागा, नाहीतर जहीराबादकडं मीसेवात दाखल्यासाठी उभं राहा. राज्यं तीन, कारभाराच्या भाषा तीन, पण उत्तर एकच. या उत्तरापायी रोजंदारीवाल्याचा एक दिवस जातो. पीकविम्याची शेवटची तारीख असेल तर हंगामाचा आधारच जातो.

आता हे दुखणं फक्त सरकारी कचेऱ्यांचं राहिलं नाही. पतसंस्था, आडत दुकान, डाळ मिल, कॉलेज, दवाखाना, सगळ्यांचा हिशेब कुठल्या ना कुठल्या सर्वरवर चालतो. तो सर्वर संथ झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो : "नवीन घ्या, नाहीतर मोठा प्लॅन घ्या." पैसे खर्च होतात आणि बऱ्याचदा दुखणं तिथंच राहतं. कारण मशीनमध्ये ताकद कमी नसते, ती मशीनपर्यंत पोचत नसते. ती कुठं अडते आणि कशी शोधायची, एवढंच या लेखात पाहू. सर्वर सांभाळणाऱ्या आपल्या पोरांना हे उपयोगी पडेल, आणि सर्वरचं बिल भरणाऱ्यांनाही.

एक विहीर, चार भाऊ

पूर्वी एक सर्वर म्हणजे एक डबा आणि त्यावर एक काम. आता एका मोठ्या यंत्रावर दहा-वीस 'आभासी' यंत्रं चालतात. त्यांनाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खालचं खरं यंत्र म्हणजे होस्ट. वाटणी करणारा प्रोग्राम म्हणजे हायपरवायझर. व्हीएमवेअर, हायपर-व्ही, केव्हीएम ही त्यातली माहितीची नावं. कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९७२ मध्येच व्हीएम/३७० नावानं ती मोठ्या यंत्रांसाठी बाजारात आणली होती. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं आणि हे तंत्र फुकटात सगळ्यांच्या हाती पडलं.

हे समजायला सामायिक विहीर डोळ्यांसमोर आणा. विहीर एक, भाऊ चार. प्रत्येकाची मोटर आहे, पाइप आहे, पण पाणी पाळीनं मिळतं. थोरल्याची पाळी चालू असताना धाकट्याचं शेत तयार असतं, माणूस बांधावर उभा असतो, मोटरही ठीक असते. फक्त पाणी नसतं. व्हर्च्युअल मशीनला दिलेला 'व्हीसीपीयू' असाच आहे. तो प्रोसेसर नाही, प्रोसेसरवरची पाळी आहे.

यातूनच सगळा घोटाळा होतो. मशीनच्या आत बसून पाहणाऱ्याला फक्त आपलं शेत दिसतं, विहिरीवर काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून पहिला नियम : व्हर्च्युअल मशीनचं दुखणं आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय निदान करायचं नाही.

आधी खात्री करा, दुखणं सीपीयूचंच आहे का?

संथपणाचं प्रत्येक कारण सीपीयू नसतं. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकात कावेरी २.० ही जमीन-घर नोंदणीची प्रणाली अडकली आणि खरेदी-विक्रीची कामं खोळंबली. बनावट खात्यांवरून मुद्दाम विनंत्यांचा मारा झाल्याचं सरकारनं नंतर सांगितलं. अशा वेळी होस्टवर कितीही प्रोसेसर वाढवले तरी उपयोग मर्यादितच असतो.

लिनक्स मशीनवर 'टॉप' हा हुकूम दिला की वरच्या ओळींत सीपीयूच्या वेळेची वाटणी दिसते. त्यातले चार आकडे बघा.

'यूएस' म्हणजे तुमच्या प्रोग्रामनं वापरलेला वेळ. 'आयडी' म्हणजे रिकामा वेळ. 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ. हा सतत जास्त असेल तर दुखणं डिस्कचं आहे, सीपीयूला दोष देऊ नका. चौथा आकडा 'एसटी', म्हणजे स्टील, चोरलेला वेळ. मशीन कामाला तयार होतं पण होस्टनं पाळी दुसऱ्याला दिली, तो हा वेळ. महाराष्ट्रातल्या वाचकांना एसटी म्हटलं की लाल बस आठवेल, आणि लक्षात ठेवायला ते सोयीचंच आहे : प्रवासी तयार, पिशवी हातात, गाडीचा पत्ता नाही.

'एसटी' एक-दोन टक्के असेल तर काळजी नको. कामाच्या वेळेत तो सतत दहाच्या वर राहत असेल तर दुखणं तुमच्या मशीनमध्ये नाही, खालच्या होस्टवर आहे. मात्र एक सावधगिरी ठेवा. व्हीएमवेअरवरच्या मशीनमध्ये हा आकडा बहुधा शून्यच दिसतो आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तो नसतोच. म्हणजे शून्य दिसलं म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. तिथं होस्टवरच जाऊन पाहावं लागतं.

विहिरीवर जाऊन पाहा

व्हीएमवेअरमध्ये या थांबण्याला 'सीपीयू रेडी' म्हणतात. होस्टवर 'ईएसएक्सटॉप' चालवलं की प्रत्येक मशीनसमोर रेडीचे टक्के दिसतात. व्हीसेंटरच्या चालू आलेखात मात्र हाच आकडा मिलिसेकंदांत येतो आणि तिथं बरेच जण फसतात. तो आकडा २० सेकंदांचा असतो, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांपैकी. समजा चार व्हीसीपीयूच्या मशीनचा एकूण रेडी ८,००० दिसला. ८,००० भागिले २०,००० म्हणजे ४० टक्के. तो चौघांत वाटला तर प्रत्येकी १० टक्के. पाच टक्क्यांपर्यंत साधारण चालतं, दहाला वापरणाऱ्यांची ओरड सुरू होते.

हायपर-व्हीमध्ये वेगळाच खड्डा आहे. होस्टच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू पाच टक्के दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण तो आकडा होस्टच्या स्वतःच्या विंडोजचा असतो, वर चालणाऱ्या मशीनचा भार त्यात धरलेला नसतो. खरा भार पाहायचा तर परफॉर्मन्स मॉनिटर उघडून 'हायपर-व्ही हायपरवायझर लॉजिकल प्रोसेसर' या गटातला एकूण चालू वेळ पाहावा लागतो.

केव्हीएमचं काम सोपं आहे. होस्टवर प्रत्येक मशीन एक साधी प्रोसेस म्हणून दिसतं. दोन व्हीसीपीयूचं मशीन २०० टक्क्यांवर टेकलं की ते पुरतं भरलं.

होस्टवर गेल्यावर एक साधा हिशेबही करा. समजा होस्टला १६ कोर आहेत आणि हायपरथ्रेडिंगमुळं ते ३२ दिसतात. त्यावर दहा मशीन, प्रत्येकाला आठ व्हीसीपीयू. म्हणजे ८० पाळ्या आणि खरे कोर १६. एका कोरचे दोन दिसले म्हणून काम दुप्पट होत नाही, थोडी भर पडते इतकंच. दहाही मशीन एकाच वेळी राबत नाहीत तोवर हे खपून जातं. महिनाअखेर आली की सगळ्यांना पाणी एकदमच लागतं.

कुणीतरी कॉक अर्धा बंद ठेवलाय

कधी होस्ट मोकळा असतो, पाळीची रांग नसते, तरी मशीन रडतं. तेव्हा मर्यादेची सेटिंग तपासा. व्हीएमवेअरमध्ये ती 'लिमिट' नावानं मेगाहर्ट्झमध्ये असते, हायपर-व्हीमध्ये टक्क्यांत, आणि केव्हीएममध्ये ठराविक कालावधीतला कोटा म्हणून.

नेहमीचा प्रकार असा. कुणीतरी पूर्वी एका व्हीसीपीयूचं छोटं मशीन बनवलं आणि त्याला २,००० मेगाहर्ट्झची मर्यादा घातली. पुढं त्याच मशीनची नक्कल करून पतसंस्थेचं मोठं मशीन उभं केलं आणि चार व्हीसीपीयू दिले. मर्यादा मात्र तशीच राहिली. होस्टचे कोर २.५ गिगाहर्ट्झचे असतील तर चार कोर म्हणजे १०,००० मेगाहर्ट्झ व्हायला पाहिजेत. मिळतात २,०००, म्हणजे पाचवा हिस्सा. आता आणखी चार व्हीसीपीयू वाढवले तरी मिळणार तेवढेच. चार इंची पाइप टाकला तरी कॉक अर्धा इंचच उघडा असेल तर पाणी किती येणार?

याची खूण ओळखायला सोपी आहे. मशीनच्या आत सीपीयू १०० टक्के दिसतो आणि होस्टवर त्याच मशीनचा वापर जेमतेम २० टक्क्यांवर सपाट रेघ मारून बसलेला असतो. खरा भार चढउतार करतो, मर्यादा सपाट रेघ ओढते. ईएसएक्सटॉपमध्ये यासाठी 'एमएलएमटीडी' नावाचा रकानाच आहे. तो शून्याच्या वर असला की मर्यादा अडवतेय हे नक्की. मशीनवर मर्यादा दिसली नाही तर ते ज्या रिसोर्स पूलमध्ये ठेवलंय त्याची मर्यादा पाहा. ती मशीनच्या पानावर दिसत नाही आणि म्हणून वर्षानुवर्षं लपून राहते.

कमी व्होल्टेजवर चालणारी मोटर

तिसरी जागा होस्टच्या वीजबचतीची. विंडोज सर्वर मुळात 'बॅलन्स्ड' या वीजयोजनेवर येतो, लिनक्सवर 'गव्हर्नर' नावाची सेटिंग असते आणि बायोसमध्ये आणखी वेगळी. बचतीच्या सेटिंगमध्ये प्रोसेसर कमी वेगानं चालतो आणि भार वाढला की वेग वाढवतो. काही जोडण्यांत तो वेग वेळेवर वाढत नाही. शिवाय व्हर्च्युअल मशीनच्या आत प्रोसेसरचा छापील वेगच दिसतो, प्रत्यक्षातला नाही. म्हणून हेही होस्टवरच पाहायचं. बायोसमध्ये आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, दोन्हीकडं 'हाय परफॉर्मन्स' करून पुन्हा मोजा.

याच रांगेत उष्णता येते. कलबुर्गी-बिदरकडं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. सर्वर जुन्या फायलींच्या खोलीत, एसी बंद, पंख्यावर धुळीचा थर. प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपर्यंत तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. सकाळी दहाला ठीक आणि दुपारी तीनला संथ अशी तक्रार असेल, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी खोलीचं दार उघडून पाहा. ब्लोअरनं धूळ काढायला फार खर्च येत नाही.

आठ दिले, वापरात एक

आता असा प्रकार, ज्यात होस्ट निर्दोष असतो. व्हर्च्युअल मशीन बनवताना 'सॉकेट' आणि 'कोर' असे दोन आकडे विचारतात. घाईत आठ सॉकेट, प्रत्येकी एक कोर असं भरलं जातं. गुणाकार आठच येतो, पण सॉफ्टवेअरचा परवाना सॉकेट मोजतो. विंडोज १० किंवा ११ ची प्रो आवृत्ती दोनच सॉकेट वापरते, होम आवृत्ती एकच. म्हणजे आठातले सहा नुसते बसून राहतात.

लहान संस्थांच्या बिलिंग आणि खातेवहीच्या सॉफ्टवेअरखाली बऱ्याचदा एसक्यूएल सर्वरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती असते. ती एक सॉकेट किंवा चार कोर, यांतलं जे कमी असेल तेवढंच वापरते. आठ सॉकेटच्या मशीनवर तिला एकच कोर मिळतो. मशीन बंद करून एक सॉकेट, आठ कोर अशी मांडणी केली तर त्याच मशीनवर तिला चार कोर मिळतात. खर्च शून्य, फक्त दोन आकडे बदलायचे. मात्र बदल करण्याआधी बॅकअप घ्या आणि काही परवाने मशीनच्या रचनेला बांधलेले असतात का, ते विक्रेत्याला विचारून घ्या.

टाकीतलं पाणी संपलं की

ज्यांचा सर्वर भाड्याच्या क्लाउडवर आहे त्यांच्यासाठी वेगळी गोष्ट. स्वस्त प्लॅनमध्ये पूर्ण कोर मिळत नाही, 'क्रेडिट' मिळतं. ॲमेझॉनच्या टी२ मायक्रो प्रकाराचं उदाहरण घेऊ. त्यात तासाला सहा क्रेडिट जमा होतात. एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण कोर. दिवसभर मशीन शांत राहिलं तर जास्तीत जास्त १४४ क्रेडिट साठतात. जसं रात्रभर बारीक धारेनं टाकी भरावी.

आता महिनाअखेरचा हिशेब सुरू झाला आणि मशीन पूर्ण ताकदीनं चाललं. तासाला ६० क्रेडिट खर्च, सहा जमा, म्हणजे निव्वळ ५४ जातात. १४४ क्रेडिट साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपतात. त्यानंतर मशीन १० टक्क्यांवर येतं, कारण धार तेवढीच आहे. "सकाळी बरं चालतं, दुपारी मरतं" या तक्रारीचं हे एक ठरलेलं कारण. अशा वेळी टॉपमधला 'एसटी' एकदम चढलेला दिसतो. नंतरच्या टी३ प्रकारात मुळातच 'अनलिमिटेड' चालू असतं, तिथं मशीन थांबत नाही, पण जादा वापराचं बिल येऊ शकतं. रोज तासन्‌तास सलग काम असेल तर हे प्लॅन आपल्यासाठी नाहीत. दिवसातून थोडा वेळच काम असेल तर मात्र याच्याइतकं स्वस्त दुसरं नाही.

वाढवल्यानं का बिघडतं?

सगळ्यात न पटणारी गोष्ट शेवटी ठेवली. व्हीसीपीयू वाढवल्यावर मशीन कधीकधी आणखी संथ होतं.

काळ्या मातीत लोखंडी नांगर ओढायला पूर्वी आठ-आठ बैल जुंपत. सात आले आणि एक आला नाही तर नांगर उभाच. जास्त व्हीसीपीयूच्या मशीनचं थोडंफार असंच आहे. त्याचे व्हीसीपीयू फार मागं-पुढं पडू नयेत म्हणून हायपरवायझर पुढं गेलेल्यांना थांबवतो. व्हीएमवेअरमध्ये याला 'को-स्टॉप' म्हणतात आणि ईएसएक्सटॉपमध्ये त्याचाही रकाना आहे. गर्दीच्या होस्टवर चार व्हीसीपीयूचं काम आठांना दिलं की हा आकडा वाढतो. आपलं मशीन अडतं आणि शेजारच्या मशीनची पाळीही लांबते. शिवाय अनेक जुनी सॉफ्टवेअर एका वेळी एकच कोर वापरतात. त्यांना आठ दिले तरी सात रिकामेच.

म्हणून को-स्टॉप जास्त आणि आतला वापर कमी दिसला तर व्हीसीपीयू कमी करून पाहा. आठाचे चार, चाराचे दोन. पटत नसलं तरी एक दिवस करून मोजा.

तपासणीचा क्रम

१. कधी संथ होतं ते लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोणतं काम चालू होतं. "नेहमीच" हे उत्तर कामाचं नाही.

२. आत पाहा. डिस्क आणि मेमरी ठीक आहे का? 'एसटी' किती?

३. त्याच मिनिटाला होस्टवर पाहा. रेडी, को-स्टॉप, मर्यादेचा रकाना.

४. मशीन आणि त्याचा रिसोर्स पूल, दोन्हींच्या मर्यादा तपासा.

५. वीजयोजना, प्रत्यक्षातला वेग आणि तापमान पाहा.

६. सॉकेट-कोरची मांडणी आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची मर्यादा जुळवा.

७. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. तीन बदल एकदम केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

सर्वर भाड्याचा असेल तर होस्ट तुम्हाला दिसणार नाही. मग पुरवठादाराला चार प्रश्न लेखी विचारा : कोर राखीव आहेत की सामायिक? क्रेडिटची पद्धत आहे का? मशीनवर किंवा पूलवर मर्यादा आहे का? अमुक तारखेला अमुक वेळी आमच्या मशीनचा रेडी किती होता? "सर्वर स्लो आहे" या तक्रारीला "चेक करतो" एवढंच उत्तर मिळतं. "मंगळवारी सव्वाअकरा ते पावणेबारा 'एसटी' २५ टक्के होता" असं लिहिलं की समोरच्याला आकड्यानंच उत्तर द्यावं लागतं. आकडा नीट आला आणि होस्टच भरलेला निघाला, तर मोठा प्लॅन जरूर घ्या. तो खर्च मग वाया जात नाही.

आणि रांगेत उभ्या माणसाचं काय?

भूमी योजनेत कर्नाटकानं २००१ च्या सुमारास ६७ लाख शेतकऱ्यांच्या जवळपास २ कोटी पहाण्या संगणकावर आणल्या आणि हातानं लिहिलेल्या पहाणीची मान्यता संपवली. देशात तेव्हा त्याचं कौतुक झालं ते योग्यच होतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की आता सर्वर अडला तर शेतकऱ्याकडं दुसरी वाटच नाही. तलाठ्याची वही उघडून काम भागणार नाही. वाट एकच ठेवायची असेल तर ती अडू न देण्याची जबाबदारीही तेवढीच मोठी.

शेवटच्या तारखेची गर्दी अचानक येत नाही, ती तारीख सरकारनंच ठरवलेली असते. त्या दिवशी किती पाळ्या लागतील याचा अंदाज आधी बांधता येतो आणि मर्यादा आधी तपासता येतात. केंद्र चालवणाऱ्या पोरांच्या हातात सर्वर नसतो, पण वही असते. किती वाजता अडलं, किती वाजता सुटलं, कोणतं पान उघडत नव्हतं, एवढं रोज लिहून वर कळवलं तर "डाउन हाय" या दोन शब्दांमागचं कारण शोधायला कुणाला तरी सुरुवात करावीच लागेल.